दगड, शिसें आणि हंस

मासे धरण्याच्या साधनांविषयीं बोलणें निघालें म्हणजे गळाची आठवण होते, जाळ्याची होते, आमिषाची होते. पण ज्याच्यावांचून गळ बुडत नाहीं आणि जाळें उभें राहत नाहीं, त्या वजनाची आठवण सहसा कोणास होत नाहीं. दोरी ही हलकी वस्तु. ती सालीची असो, तागाची असो वा रेशमाची असो, तिला पाण्याच्या पोटांत न्यावयाची तर तिच्या गळ्यांत कांहींतरी जड बांधावें लागतें. हें जड काय असावें, एवढाच आजच्या भाषणाचा प्रश्न आहे. प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. परंतु ह्या एका निवडीपायीं इंग्लंडांतील नद्यांवरचे हंस हजारोंनीं मेले, आणि तेथील सरकारला वाटाण्याहूनहि लहान वस्तूसाठीं स्वतंत्र नियम करावे लागले. ती हकीकत सांगावयाची म्हणजे आरंभ मात्र हंसापासून करून चालत नाहीं. तो दगडापासून करावा लागतो.

१९१३ सालची गोष्ट. त्या वेळीं फिनलंड देश रशियाच्या झारच्या सत्तेखालीं होता. कॅरेलियाच्या संयोगभूमीवर अँत्रेआ नांवाचा एक परगणा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मुलूख रशियाकडे गेला. ह्या परगण्यांतील कोर्पिलाहती गांवच्या एका शेतकऱ्याला आपल्या पाणथळ कुरणांत खणतांना कांहीं चमत्कारिक वस्तु सांपडल्या. दुसऱ्या वर्षीं सकारी पॅल्सी ह्या पुराणवस्तुसंशोधकानें तेथें पद्धतशीर उत्खनन केलें, तेव्हां मातीखालून एका जाळ्याचे अवशेष बाहेर आले. विलो झाडाच्या अंतर्सालीच्या दोरीनें तें विणलेलें होतें. अवशेषांवरून केलेल्या अदमासाप्रमाणें त्याची लांबी २७ ते ३० मीटर, उंची सुमारें दीड मीटर, आणि एकेक घर सुमारें ६ सेंटीमीटरांचें असावें. त्याच्यापाशींच पाइन वृक्षाच्या सालीचे १८ तरंगते तुकडे होते आणि ३१ दगड होते. पुढें कालनिर्णयाच्या शास्त्रीय पद्धती निघाल्यावर हें जाळें इ. स. पूर्वीं सुमारें ८३०० वर्षांचें किंवा त्याहूनहि थोडें जुनें ठरलें. जगांत सांपडलेल्या अतिप्राचीन जाळ्यांत त्याची गणना होते, आणि तें हेलसिंकी येथील राष्ट्रीय संग्रहालयाच्या मालकीचें आहे.

ज्या पाण्यांत हें जाळें बुडालें तें गोडें पाणी होतें. आज जेथें बाल्टिक समुद्र आहे तेथें त्या काळीं एक अफाट सरोवर पसरलेलें होतें. हिमयुगाच्या शेवटीं बर्फाचा भार उतरून जमीन वर आली आणि महासागराशीं असलेली वाट बंद झाली, त्यामुळें तें गोडें राहिलें होतें. भूशास्त्रज्ञ त्याला अँसिलस सरोवर म्हणतात. त्याच्या एका चिंचोळ्या खाडींत कोणी मासेमार आपलें जाळें घेऊन निघाला असावा. जाळ्याबरोबर हाडांचीं आणि दगडांचीं हत्यारेंहि एकाच जागीं सांपडलीं, त्यावरून होडी उलटून सगळी सामग्री तळाशीं गेली असावी असा तर्क करतात. माणसाचें काय झालें हें मातीनें सांगितलें नाहीं. पण त्याची युक्ति मात्र तिनें जशीच्या तशी राखून ठेवली. वरच्या दोरीला साली, खालच्या दोरीला दगड. एक वर ओढतो, दुसरा खालीं ओढतो, आणि त्या दोघांच्या ओढाताणींत जाळें पाण्यामध्यें भिंतीसारखें उभें राहतें. आजच्या नायलॉनच्या उभ्या जाळ्यांत पदार्थ बदलले आहेत; युक्ति ह्याहून निराळी नाहीं.

दगडाच्या वजनाचा हा वापर अँत्रेआहूनहि पुष्कळ जुना आहे. यार्देन नदीच्या वरच्या अंगास हुला नांवाचें खोरें आहे. तेथील एका स्थळाविषयीं २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत हाडाचे १९ गळ आणि खोबण कोरलेले सहा दगड ह्यांचें वर्णन आहे. काळ सुमारें १५,००० ते १२,००० वर्षांपूर्वींचा. म्हणजे शेती सुरू होण्याच्या आधींच तेथल्या माणसाला गळ, दोरी आणि दगड ह्या तिहींची सांगड घालतां येत होती. दक्षिण कोरियांतील जोंगसन येथील एका गुहेंत चुनखडीचे खांचा पाडलेले लहान दगड मिळाल्याचें वृत्त २०१८ सालीं आलें. त्यांचा काळ २९,००० वर्षांपूर्वींचा सांगण्यांत आला. ते आसपासच्या उथळ ओढ्यांत लहान मासे धरण्याच्या जाळ्यांचे असावेत असें संशोधकांचें मत पडलें.

ह्या दगडांवर केलेलें काम पाहिलें तर तें जवळजवळ कांहींच नाहीं. नदीकांठचा चपटा गोटा घ्यावयाचा, दुसऱ्या दगडानें त्याच्या दोन्ही कडांवर दोनदोन टोले मारावयाचे, कीं दोरी अडकण्यापुरत्या खांचा पडतात. उत्तर अमेरिकेंतील कोलंबिया नदीच्या कांठीं, जपानांतील जोमोन काळच्या वसाहतींत, असे खांचदार गोटे ढिगांनीं मिळालेले आहेत. कित्येकदां तेवढेंहि करीत नसत. साल किंवा वेल गुंडाळून गांठ मारली कीं झालें. ह्या शेवटल्या प्रकारानें संशोधकांची मोठी पंचाईत केली आहे. दोरी कुजून गेल्यावर असा दगड हा इतर दगडांसारखाच एक दगड होऊन बसतो. नदीच्या पात्रांतल्या लाखों गोट्यांपैकीं कोणत्यानें एके काळीं जाळें धरून ठेवलें होतें, हें कोणत्याहि विद्वानाला सांगतां यावयाचें नाहीं. आपल्या भीमेच्या, गोदावरीच्या पात्रांतहि असे गोटे असतील, आणि आपण त्यांवर कपडे आपटीत असूं! जेथें दगडच मिळत नाहीं अशा गाळाच्या सपाट प्रदेशांत मात्र ही अडचण येत नाहीं. सिंधु संस्कृतीच्या लोकांनीं जाळ्यांसाठीं भाजलेल्या मातीचीं वजनें केलीं, आणि भाजलेली माती आपण माणसाच्या हातची आहों हें लपवूं शकत नाहीं.

मग असें सोपें, फुकट मिळणारें, हरवलें तरी हळहळ न लावणारें साधन सोडून मनुष्य शिशाकडे कां वळला? ह्याचें उत्तर आर्किमिडीजच्या नियमांत आहे. शिसें पाण्याच्या ११.३ पट जड. आपला दख्खनचा काळा पाषाण सुमारें २.९ पट, आणि ग्रॅनिट त्याहूनहि थोडा हलका. पण पाण्यांत बुडालेली वस्तु आपण बाजूस सारलेल्या पाण्याइतकी हलकी होते. म्हणून १०० ग्रॅमचा पाषाण पाण्यांत ६५ ग्रॅमच भरतो; १०० ग्रॅम शिसें मात्र ९१ ग्रॅम भरतें. हिशेब पुढें नेला तर असें दिसतें, कीं शिशाच्या एका गोळीचें काम करावयास तिच्या जवळजवळ साडेपांच पट आकारमानाचा पाषाण लागतो. जाळ्याला ह्याचें कांहीं वाटत नाहीं. एवढ्या मोठ्या पसाऱ्यांत दगड सुपारीएवढा आहे कीं आंब्याएवढा, ह्यानें काय बिघडणार? पण एकट्या दोरीला वाटतें. दगड जितका मोठा तितका त्यावर प्रवाहाचा धक्का अधिक; तो दोरीला ओढून नेतो, आणि माशानें आमिषाला लावलेलें तोंड हाताला जाणवेनासें होतें. शिवाय दगडाला दोरी बांधावी लागते, शिसें दोरीलाच चिमटून बसतें. मऊपणा हा त्याचा मोठाच गुण. रोमन लोक शिशाची पट्टी जाळ्याच्या दोरीभोंवतीं दुमडून ठोकीत. अशा गुंडाळ्या भूमध्य समुद्राच्या कांठीं जागोजाग सांपडतात. वितळावयास त्याला ३२७ अंश उष्णता पुरते. घरच्या चुलीवर लोखंडी पळींत तें पाणी होतें आणि दगडांत कोरलेल्या सांच्यांत ओततां येतें.

पुन्हां तें स्वस्तहि होतें. प्राचीन काळीं चांदी बहुतेक शिशाच्या खनिजांतूनच काढीत, आणि एक तोळा चांदीमागें शिशाच्या राशी उरत. अथेन्सजवळच्या लॉरियमच्या खाणींनीं त्या नगरीला चांदीचीं नाणीं दिलीं, आणि त्याबरोबर शिशाची रेलचेलहि करून दिली. त्याआधींच होमरच्या इलियड काव्यांत शेवटच्या सर्गांत एक उपमा येते: देवदूती आयरिस समुद्रांत सूर मारते ती कोळ्याच्या दोरीवरच्या शिशासारखी. उपमा ही लोकांच्या नित्य पाहण्यांतल्या वस्तूचीच देतात. तेव्हां कवीच्या श्रोत्यांना गळाचें शिसें ओळखीचें होतें असें समजावयास हरकत नाहीं.

शिसें विषारी आहे ही गोष्ट प्राचीनांना ठाऊक नव्हती असेंहि नाहीं. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियस ह्यानें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेवलें आहे, कीं पिण्याचें पाणी शिशाच्या नळांपेक्षां मातीच्या नळांनीं आणावें, कारण शिशाचें काम करणाऱ्या कारागिरांचे चेहरे पांढरेफटक पडलेले दिसतात. आपल्या रसशास्त्रांत ह्या धातूचें नांवच नाग आहे, आणि शोधन केल्यावांचून तो पोटांत घेऊं नये असा वैद्यांचा दंडक आहे. पण गळाचें शिसें कोण खाणार? तें पाण्याच्या तळाशीं जातें, दोरी तुटली तर तेथेंच राहतें. माणसाच्या दृष्टीनें तें नाहींसें झालें. हा समज शेंकडों वर्षें टिकला, आणि त्यांत फारसें बिघडलेंहि नाहीं, कारण शिसें वापरणारे हात थोडे होते.

हात वाढले ते मासेमारी हा धंद्याबरोबर विनोदहि झाला तेव्हां. विनोद म्हणून गळ टाकण्याची हौस केवळ साहेबांचीच, असें मात्र कोणी समजूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मानसोल्लास नांवाचा जो संस्कृत ग्रंथ रचला, त्यांत मत्स्यविनोद हें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. कोणते मासे कोठें राहतात, त्यांना काय चारावें, गळाला काय लावावें, ह्याचा विचार दख्खनच्या ह्या राजानें गंभीरपणें केला आहे. इंग्लंडांत ह्या विषयाचें पहिलें छापील पुस्तक १४९६ सालीं निघालें. तें जुलियाना बर्नर्स नांवाच्या एका स्त्रीच्या नांवावर मोडतें, आणि त्यांत दोरीला शिसें किती व कसें लावावें ह्याचे धडे आहेत. पुढें १६५३ सालीं आयझॅक वॉल्टनचें पुस्तक आलें आणि नदीकांठीं गळ टाकून बसणें हें त्या देशांत सभ्य गृहस्थाच्या शांतचित्ताचें लक्षण ठरलें.

ह्या शांतचित्त मंडळींना दोरी बारीक हवी, आणि बारीक दोरीला वजनहि बारीक हवें. तें त्यांना बंदुकीच्या छऱ्यांत सांपडलें. ब्रिस्टॉलच्या विल्यम वॉट्स ह्यानें १७८२ सालीं उंचावरून चाळणींतून वितळलेलें शिसें पाण्यांत पाडून अगदीं गोल छरे करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून छरे पोत्यांनीं तयार होऊं लागले. असा छरा मध्यें अर्धा चिरला, त्या चिरेंत दोरी घातली आणि दांतांनीं दाबला, कीं वजन तयार. दांतांनीं, हें मुद्दाम सांगतों. पिढ्यान्‌पिढ्या मुलें नदीकांठीं असेंच करीत आलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनची पारदर्शक, केंसासारखी दोरी सर्वत्र झाली, सुटीच्या दिवशीं गळ घेऊन निघणाऱ्या लोकांची संख्या लाखांवर गेली, आणि झुडपांत अडकलेल्या, तुटलेल्या, फेंकून दिलेल्या प्रत्येक दोरीबरोबर चारदोन छरे इंग्लंडच्या नद्यांच्या गाळांत पडूं लागले.

आतां हंसाकडे वळूं. आपल्या काव्यांतला हंस कोणता ह्याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. मी बोलत आहें तो इंग्लंडच्या नद्यांवरचा पांढरा, नारिंगी चोंचीचा, ज्याला तेथील लोक मूक हंस म्हणतात तो. ह्या पक्ष्याला त्या देशांत राजाश्रय आहे, आणि हें अलंकारिक नव्हे. उघड्या पाण्यावरच्या खूण नसलेल्या हंसांवर राजाचा हक्क मानतात, आणि थेम्स नदीवर दर वर्षीं जुलै महिन्यांत होड्या काढून पिलें मोजण्याचा व खुणा करण्याचा समारंभ शतकानुशतकें चालत आला आहे. राजाबरोबर लंडनच्या दोन जुन्या व्यापारी श्रेणींचाहि, द्राक्षमद्य विकणाऱ्यांचा व रंगाऱ्यांचा, त्यांत वांटा असतो. पूर्वीं ही मोजदाद मेजवानीसाठीं होती, हें जरा खासगींत सांगण्यासारखें. पुढें हंस ताटांतून उठला आणि गणती तेवढी राहिली. ह्या गणतीमुळेंच कांहींतरी बिनसलें आहे हें लक्षांत आलें. १९६० नंतर थेम्सवरचे हंस कमी होऊं लागले. शेक्सपीअरच्या स्ट्रॅटफर्ड गांवीं एव्हन नदीवर हंसांचा जो प्रसिद्ध थवा असे, तो १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत जवळजवळ नाहींसाच झाला.

मेलेले हंस विलक्षण दिसत. हंसाची मान म्हणजे त्याच्या डौलाचें सर्वस्व. ती बुंध्याशीं मोडल्यासारखी वांकून पाठीवर लोळत असे. पक्षी हाडांचा सांपळा झालेला, पण अन्ननलिका मात्र खाद्यानें तट्ट भरलेली. भरल्या गळ्यानें उपाशी मरण्याचा हा प्रकार काय, ह्याचा उलगडा पोटांत सांपडला. हंसाला दांत नाहींत. तो पाणवनस्पति खातो, आणि त्या दळण्यासाठीं त्याच्या पोटांत एक जाड, मांसल पिशवी असते. शास्त्रांत तिला पेषणी म्हणतात. ती एक जातेंच आहे, आणि जात्याला तळी पाहिजे. म्हणून हंस नदीच्या तळांतले खडे वेंचून गिळतो. ते खडे झिजले कीं नवे घेतो. चिखलांत चोंच फिरवितांना गोल, गुळगुळीत, खड्याएवढा छरा त्याच्या चोंचींत आला तर त्यानें तो टाकावा कां? पेषणींत गेल्यावर खरे दगड त्या मऊ धातूला घांशीत बसतात, पोटांतलें आम्ल त्याला विरघळवितें, आणि विष रक्तांत जातें. मग नसा लुळ्या पडतात. मान उचलत नाहीं, जातें थांबतें, वरचें धान्य वरच राहतें. मारावयास छऱ्यांची रास लागत नाहीं, थोडे पुरतात.

नीर आणि क्षीर वेगळें करणारा म्हणून ज्याची आपण दोन हजार वर्षें स्तुति केली, त्याच्या कुळांतल्या ह्या पक्ष्याला खडा आणि छरा वेगळे करतां आले नाहींत! ह्यांत त्याचा दोष नाहीं. तो दगडच शोधीत होता. नदींत दगड असावेत ही त्याची अपेक्षा हजारों वर्षें खरी ठरत आलेली होती, आणि मासेमारहि तितकींच वर्षें नदींत दगडच टाकीत आला होता.

हें संशोधन मुख्यतः ऑक्सफर्डच्या ज्या संस्थेंत झालें तिच्या नांवांत एक योगायोग आहे. १९३८ सालीं स्थापन झालेली ही पक्षिशास्त्राची संस्था एडवर्ड ग्रे ह्यांच्या स्मरणार्थ आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असलेले तेच हे ग्रे. ह्या गृहस्थाला दोनच गोष्टींचें खरें वेड होतें, गळानें मासे धरण्याचें आणि पक्ष्यांचें; पहिल्या वेडावर त्यांनीं १८९९ सालीं पुस्तकहि लिहिलें होतें. त्यांच्या एका वेडानें दुसऱ्याचा घात चालविला आहे हें सिद्ध करण्याचें काम त्यांच्याच नांवाच्या संस्थेकडे यावें! तेथील अभ्यासकांनीं थेम्सवरचे मेलेले हंस तपासले तेव्हां निम्म्याहून अधिकांचें मरण शिशामुळें ओढवलेलें निघालें.

१९८१ सालीं सरकारी निसर्गसंरक्षण मंडळानें अहवाल दिला, कीं गळाचें शिसें पांच वर्षांत बंद व्हावें. दोन वर्षांनीं प्रदूषणाचा विचार करणाऱ्या राजनियुक्त आयोगानेंहि शिशावरच्या आपल्या अहवालांत ह्या प्रश्नाची दखल घेतली. सरकारनें आधीं समजुतीचा मार्ग धरला: लोकांनीं आपण होऊन शिसें सोडावें. तें झालें नाहीं. गळ टाकणाऱ्यांपैकीं पुष्कळांना आरोपच मान्य नव्हता. शिकाऱ्यांचे छरे, होड्यांची वर्दळ, नदींतली घाण, अशीं दुसरीं कारणें ते पुढें करीत. त्यांना सर्वस्वी दुष्ट समजणें अन्यायाचें होईल. नदीकांठीं तासन्‌तास बसणारा मनुष्य हंसाचा वैरी नसतो. बहुधा तो तेथें बसतो त्याचें एक कारण हंसहि असतो. पण आपल्या खिशांतल्या डबींतले चारदोन दाणे आणि पलीकडे वाहत जाणारें तें पांढरें प्रेत ह्यांचा संबंध त्याच्या डोळ्यांना दिसत नव्हता, आणि न दिसणाऱ्या संबंधावर विश्वास ठेवणें कोणासहि जड जातें. अखेर १९८६ सालीं नियम झाले. १ जानेवारी १९८७ पासून ०.०६ ग्रॅमच्या वरच्या आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे एका औंसापर्यंतच्या, शिशाच्या वजनांची विक्री व आयात बंद झाली. अगदीं मोहरीएवढे कण आणि मोठाले गोळे तेवढे सुटले. हंस जें उचलील तें सगळें ह्या दोन टोकांच्या मध्यें येत होतें.

परिणाम लवकर दिसला. १९८३ सालच्या गणतींत ब्रिटनमध्यें सुमारें १९ हजार मूक हंस होते; १९९० सालीं ते पंचवीस हजारांवर गेले. ह्या वाढीला सौम्य हिंवाळ्यांचाहि हातभार लागला असेल, परंतु रुग्ण हंसांच्या रक्तांतलें शिसें उतरलें ही गोष्ट हवामानानें घडत नाहीं. जुनें शिसें मात्र गाळांत तसेंच पडून आहे. तें कुजत नाहीं, आणि पूर येऊन तळ ढवळला कीं वर येतें. दुसऱ्या देशांनींहि हा धडा घेतला. अमेरिकेंत लून नांवाचा एक बुडी मारणारा देखणा पक्षी आहे. तो खडे समजून शिसें गिळतो, आणि गळ तोडून पळालेला मासा त्यांतल्या शिशासकट गिळतो. न्यू हॅम्पशायर संस्थानांत त्याच्यासाठीं २००० सालीं शिशाच्या लहान वजनांवर बंदी आली. कॅनडानें आपल्या राष्ट्रीय उद्यानांत ती १९९७ सालींच घातली होती, आणि डेन्मार्कनें २००२ सालीं शिशाच्या सगळ्याच मत्स्यसामग्रीची विक्री थांबविली.

शिशाच्या जागीं काय आलें? कथील आलें, पोलाद आलें, बिस्मथ आलें, टंगस्टन आलें. टंगस्टन शिशाहूनहि जड, पण महाग. कथील मऊ, पण हलकें. आणि ह्या सगळ्यांच्या पाठोपाठ, कांहींसा संकोचत, दगड परत आला. तळाशीं राहणारे मोठे मासे धरणाऱ्यांना तो विशेष मानवला, कारण त्यांना जड वजन लागतें आणि दोरी जाडी चालते. आकाराचा जो दोष मीं मघां सांगितला तो त्यांना बाधत नाहीं. उलट मऊ चिखलांत शिसें रुततें, तेथें चपटा दगड वर टेकून राहतो. नदीच्या तळाशीं नदीचाच दगड पडलेला पाहून मासा बुजत नाहीं, असेंहि त्यांचें म्हणणें आहे. माशाला विचारून तें कोणी पडताळलेलें नाहीं. दुकानांतून आतां भोंक पाडून तारेची कडी बसविलेले दगड विकत मिळतात हें ऐकून मात्र हंसूं येतें. ज्या वस्तूचा सर्वांत मोठा गुण ती पायाखालीं पडलेली असते हा, तिचीहि किंमत ठरलीच!

आपल्याकडे नदींत जाळें फेंकणाऱ्या भोयांच्या जाळ्याच्या काठाला आज बहुधा लोखंडाचे किंवा शिशाचे मणी ओंवलेले असतात, आणि तें समजण्यासारखें आहे. फेंकावयाच्या जाळ्याला वजन लहान, सारखें आणि गुळगुळीतच हवें, खडबडीत गोट्यांनीं तें उमलावयाचें नाहीं. दगड सर्वत्र चालेल असें म्हणणें हें अडाणीपणाचें होईल. प्रवाह जोराचा असला आणि दोरी बारीक असली तर तो हरतो. खडकाळ तळांत तो शिशाप्रमाणेंच अडकतो, क्वचित् अधिकच. पण अडकण्यावर जुना उपाय आहे आणि तो आजहि शिकवितात. दगड मुख्य दोरीला थेट बांधावयाचा नाहीं. वींतभर कच्चा दोरा घ्यावयाचा, मुख्य दोरीहून निश्चितपणें कमी ताणाचा. त्याच्या एका टोकाला दगड, दुसरें टोक दोरीला. दगड कपारींत रुतला आणि वर मासा लागला, तर ओढतांच कच्चा दोरा तुटतो. मासा, गळ आणि दोरी हातीं येतात, दगड खालीं राहतो. दोराहि सुताचा असावा, नायलॉनचा नसावा, म्हणजे तो कालांतरानें कुजून जातो. पुढच्या वेळीं कांठावर वांकून दुसरा गोटा उचलावयाचा.